ख्रिस्ती मतसमर्थन : यहुदी व इस्लामी वाद

येशू हाच मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणारा, तो वधस्तंभावर मेला व पुन्हा उठला, आणि एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा त्रैक्यात आहे, ही मते यहुदी व मुसलमान पंडितांच्या आक्षेपांपुढे मांडण्याची विद्या. मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’, म्हणजे आरोपीने न्यायासनापुढे दिलेला जबाब. तिन्ही धर्म एकेश्वरी, आणि मूळपुरुष अब्राहाम तिघांचाही. म्हणून हा वाद भाऊबंदकीसारखा कागदपत्रांवर चालतो.

यहुद्यांशी वाद होतो तेव्हा कागद एकच (यहुद्यांचे शास्त्र, ख्रिस्त्यांचा जुना करार), वाचन दोन. जस्टिन मार्टर याने दुसऱ्या शतकात त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहून ठेवला. त्यातली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ७:१४ वरची झटापट नमुन्यादाखल पाहावी : एक स्त्री गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल, हे देवाचे चिन्ह, असे ते वचन, आणि ख्रिस्ती ते येशूच्या जन्माला लावतात. हिब्रूत तेथे ‘अल्मा’ आहे, म्हणजे तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’, म्हणजे पुरुषस्पर्श न झालेली. त्रिफो म्हणतो, हे वचन यहुद्यांच्या जुन्या हिज्कीया राजाविषयी आहे. जस्टिन विचारतो, तरुण बाईला मूल झाले तर त्यात चिन्ह ते कसले? मराठी बायबलात ‘कुमारी’ आहे. शाळेच्या दाखल्यावरचे ‘कु.’ लग्न झालेले नाही एवढेच सांगते, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण फोड करून सांगायला नको.

१२६३ मध्ये बार्सेलोनात, आरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर, पाब्लो ख्रिस्तियानी या धर्मांतरित यहुद्याने डाव बदलला. मसीहा येऊन गेला हे तालमूदमधूनच, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या ग्रंथातूनच दाखवतो, म्हणाला. यहुद्यांच्या बाजूने नाहमानिदेस या रब्बीने (धर्मगुरूने) विचारले, तालमूदकर्त्यांना येशू पटला होता, तर ते मरेपर्यंत यहुदी कसे राहिले? राजाने आपल्याला ३०० नाणी दिली असे नाहमानिदेस लिहितो. पुढे त्याला देश सोडावा लागला. एक पक्ष राजाच्याच धर्माचा असला की वादात कोण जिंकले हे विचारण्यात फारसा अर्थ नसतो.

इस्लामशी वादात कागदच खरा की खोटा हा प्रश्न. कुराण येशूला मसीहा आणि ‘अल्लाहचा कलिमा’ (शब्द) म्हणते, पण त्याचे वधस्तंभावरचे मरण (४:१५७) आणि देवाला ‘तीन’ म्हणणे (४:१७१) नाकारते. तौरात-इंजीलमध्ये, म्हणजे मोशे व येशू यांना मिळालेल्या शास्त्रांत, ‘तहरीफ’, म्हणजे फेरफार झाला, असा मुस्लिम पंडितांचा दावा. दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती साधूने आठव्या शतकात नेमके कलिम्यावर बोट ठेवले : देवाचा शब्द देवापासून तोडता, मग तुमच्या आरोपाप्रमाणे आम्ही देवाला भागीदार लावणारे, तर तुम्ही देवाला छाटणारे. बगदादचा पात्रियार्क (ख्रिस्त्यांचा मुख्य धर्मगुरू) पहिला तिमथी मवाळ. ७८१ च्या सुमारास खलिफा अल-महदीला तो सांगतो, अंधाऱ्या घरात मोती पडला, सगळ्यांनी चाचपडून काहीतरी उचलले. मोती आपल्याच मुठीत असे जो तो समजतो, कोणाच्या हाती दगड आहे ते उजाडल्यावर कळेल. (खलिफापुढे बसून याहून जास्त बोलणे तब्येतीला मानवले नसते.)

हिंदुस्थानात १० व ११ एप्रिल १८५४ ला आग्र्यात पारडे फिरले. रहमतुल्ला कैरानवी यांनी जर्मन मिशनरी फांडर याच्यापुढे युरोपातल्याच बायबल-चिकित्सकांचे दाखले टाकले. नकलनविसांच्या चुका शिरल्या आहेत, शिकवण मात्र शाबूत आहे, असे फांडर म्हणाला. कैरानवींना तेवढी कबुली पुरली.

बडोद्यात हा विषय निराळ्या वाटेने आला. सयाजीराव गायकवाडांच्या काळात तेथे धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी अल्बन विजरी हे इंग्रज प्राध्यापक नेमले गेले. वाद घालण्याऐवजी वाद वाचायचा, अशी ती शिस्त. त्याआधी १९०१ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला गेले, तेव्हा प्रवासखर्चाला महाराजांनी हात दिला होता. ते कॉलेज युनिटेरियनांचे, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्त्यांचे. यहुदी व मुसलमान ज्या मतावर शतकानुशतके बोट ठेवत आले, ते मत ख्रिस्ती घरातल्याच एका शाखेने खाली ठेवलेले शिंद्यांना तेथे पाहायला मिळाले. बडोद्याच्या फतेगंजातले मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती मात्र बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याच नावाने देतात.