आयडियलचे सदस्यत्व किती कठीण? एक पार्श्वभूमी

दिलेली बहुपदी काही ठरावीक बहुपदींनी निर्माण केलेल्या आयडियलमध्ये (म्हणजे त्या बहुपदींना हव्या त्या बहुपदींनी गुणून मिळणाऱ्या सर्व बेरजांच्या संचात) आहे का, या प्रश्नाचा निकाल सांत पायऱ्यांत लावता येतो, हे १९२६ च्या एका जर्मन शोधनिबंधाने दाखवले. गुणण्यासाठी लागणाऱ्या या सहगुणक बहुपदींची कोटी (सर्वांत मोठा घात) चलांच्या संख्येनुसार फार तर दुहेरी घातांकी, म्हणजे घातांकाच्या जागीही घातांक असलेल्या वेगाने, वाढते, त्यामुळे प्रश्न रेषीय समीकरणांवर येतो. १९६५ मध्ये ग्रोबनर आधारांची, म्हणजे आयडियलच्या निर्मात्या बहुपदींऐवजी गणनेला सोयीचा संच घेण्याची, रीत आली. तिच्यामुळे गणना प्रत्यक्षात शक्य झाली, पण सर्वांत वाईट प्रसंगी ती किती महाग पडेल हे अनुत्तरित राहिले.

खरे वळण १९८२ चे. क्रमनिरपेक्ष अर्धगटांतील शब्दसमस्या (दिलेल्या नियमांनी एका चिन्हसमूहाचा दुसरा करता येतो का, हा प्रश्न; यात चिन्हांचा क्रम महत्त्वाचा नसतो) दोन एकपदींच्या वजाबाकीतून आयडियलमध्ये उतरवता येते, आणि त्या समस्येत दुहेरी घातांकी मर्यादेपर्यंत मोजणारे गणकयंत्र बसवता येते. त्यामुळे जुनी दुहेरी घातांकी मर्यादा ढोबळ नव्हती, अटळ होती. परिमेय संख्यांवरील बहुपदींसाठी घातांकी स्मृती पुरते, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले: समीकरणसंच दुहेरी घातांकी आकाराचा असला, तरी तो संपूर्ण लिहून न ठेवता रेषीय बीजगणित त्याच्या आकाराच्या लॉगॅरिदमच्या घातांइतक्या जागेत करता येते.

खरा गुंता इथून पुढे आहे. १९८७ आणि १९८८ च्या निष्कर्षांनुसार १ ही संख्या आयडियलमध्ये असेल, तर सहगुणकांची कोटी एकेरी घातांकीच राहते. मूळ कोटीचा चलांच्या संख्येइतका घात, साधारण एवढीच. यावरून सदस्यत्वाचा प्रश्नच सोपा झाला, असा अर्थ अनेकदा काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. १ आयडियलमध्ये आहे का, हे विचारणे म्हणजे या बहुपदी शून्य धरून मिळणाऱ्या समीकरणांना संमिश्र संख्यांत सामाईक उकल नाही ना, हे विचारणे. एक जादा चल घेतला की एखाद्या बहुपदीचा कोणता तरी घात आयडियलमध्ये येतो का, हेही त्याच प्रश्नात बसते. पण ती बहुपदी स्वतः आत आहे का, हे उकलींच्या संचावरून कळत नाही; त्यासाठी उकलींची पुनरावृत्तीही पाहावी लागते, आणि १९८२ ची उदाहरणे नेमकी तिथेच अडवतात. १९९६ मध्ये सामान्यीकृत रीमान गृहीतक (संख्याशास्त्रातील एक असिद्ध अनुमान) मानून उकलीच्या प्रश्नाला बहुपदी श्रेणीरचनेच्या (NP पासून वर चढत जाणाऱ्या काठिण्यवर्गांच्या उतरंडीच्या) दुसऱ्या पातळीत जागा मिळाली, तेव्हा ही दरी आणखी ठळक झाली.

समघाती आयडियलमध्ये (ज्याच्या प्रत्येक निर्मात्या बहुपदीतील सर्व पदांची कोटी सारखी असते) सहगुणकांची कोटी आधीच ठरलेली असल्याने तिथे बहुपदी स्मृती पुरते.