पार्श्वभूमी : लिस्बनचा नदीकाठ

लिस्बन पाहायला जाणारा प्रवासी आज तेजो नदीकाठची संग्रहालये आणि रात्री उशिरापर्यंत गजबजलेले चौक पाहून येतो. पण या काठाने कात टाकली ती एकदाच नव्हे, आणि सर्वांत मोठ्या वेळी तर निव्वळ नाइलाजाने. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला, पाठोपाठ नदीतून त्सुनामी शिरली आणि मग आग कित्येक दिवस धुमसत राहिली. काठावरचा रिबेरा राजवाडा गेला, आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या मिरीचा हिशेब ठेवणारे ‘काझा दा इंडिया’ हे सरकारी व्यापारगृहही गेले.

पुढे पोंबालचा मार्केस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने बाइशा हा सखल भाग सरळ रस्ते आखून पुन्हा उभारला. भूकंपात घर डोलावे पण कोसळू नये म्हणून भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला गेला. त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. राजवाडा मात्र तिथे पुन्हा बांधला नाही. त्या जागी ‘व्यापार चौक’ झाला, तरी लिस्बनकरांच्या तोंडी अजून ‘तेर्रेरु दु पासु’, राजवाड्याचे अंगण, हेच नाव आहे.

पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ साली संपली, १९९४ साली शहराला युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला आणि १९९८ साली वास्को द गामाच्या प्रवासाच्या पाचशेव्या वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन भरले. (गोव्यात त्या प्रवासाची आठवण अर्थातच वेगळ्या सुरात काढली जाते.) प्रदर्शनासाठी पूर्वेकडच्या काठावरचा तेलशुद्धीकरण कारखाना हलवला गेला आणि तिथे मत्स्यालय, रेल्वे स्थानक व नवी वस्ती आली. २००८ साली आल्कांतारा गोदीजवळ ‘पूर्वेचे संग्रहालय’ उघडले, तेही खारवलेल्या कॉड माशाच्या जुन्या शीतगोदामात. गोव्याशी नाते सांगणाऱ्या वस्तू आज तिथे मांडलेल्या दिसतात. २०१६ साली बेलेंच्या जुन्या वीजकेंद्राशेजारी आलेल्या कलासंग्रहालयाचे छप्परच फिरण्याची जागा आहे.

या यशाची किंमत काठावर नव्हे, मागच्या टेकड्यांवर चुकवावी लागली. २०१२ च्या कायद्याने जुन्या भाड्यांचे संरक्षण सैल झाले, आल्फामा आणि मोरारियातील बरीच घरे पर्यटकांच्या मुक्कामासाठी गेली, आणि अखेर २०१८ साली नगरपालिकेला या दोन्ही भागांत अशा घरांची नवी नोंदणी थांबवावी लागली.