अवकाशयोग्य उष्णतारोधी बहुवारिके

अवकाशयानांचे सांगाडे, आवरणे आणि उष्णताकवचे यांसाठी घडवलेली, वजनाला हलकी, ताणाला बळकट आणि तापमानाच्या टोकांना गुण न सोडणारी कार्बनी द्रव्ये. बहुवारिक म्हणजे रोजच्या बोलण्यातले पॉलिमर. लहान रेणू एकमेकांत गुंफून झालेली लांब साखळी. पॉलिइमाइड, फिनॉलिक, सायनेट एस्टर आणि एपॉक्सी ही या गटातली मुख्य कुटुंबे.

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे 7.2 ग्रॅम भरते, ॲल्युमिनियमचे 2.7 ग्रॅम, तर कार्बन तंतू घातलेल्या एपॉक्सीचे 1.6 ग्रॅमच्या आसपास. बिडाच्या ओतकामावर वाढलेल्या कोल्हापुरात हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शिवाय कार्बन तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने तापल्यावर जवळजवळ वाढतच नाही, उलट किंचित आखडतो. दुर्बिणींचे सांगाडे आणि ॲंटेना यांत त्याला मान आहे तो यामुळे.

‘उष्णतारोधी’ या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे येतात, आणि ती वेगळी ठेवली नाहीत तर या विषयातले पुढचे काहीच उलगडत नाही. काही बहुवारिकांनी वर्षानुवर्षे तापमान सोसून तसेच राहायचे असते. काहींनी मात्र ठरल्या वेळी, ठरल्या वेगाने जळायचे असते.

सोसणाऱ्यांमध्ये पॉलिइमाइड अग्रणी. ड्यूपॉंट कंपनीने 1960 च्या दशकात बाजारात आणलेली कॅप्टन (Kapton) ही पॉलिइमाइडची फिल्म उणे 269 ते अधिक 400 अंश सेल्सिअसपर्यंत वापरता येते. उपग्रहांच्या छायाचित्रांत सोनेरी दिसते ते बहुधा हेच आवरण. तो कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातला सोन्याचा वर्ख नव्हे; फिल्मचा स्वतःचा पिवळसर तपकिरी रंग आणि तिच्या मागे चढवलेला ॲल्युमिनियमचा थर मिळून ती झळाळी येते. 25 डिसेंबर 2021 रोजी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची सूर्यछत्री याच फिल्मच्या पाच पडद्यांची आहे. सूर्याकडचा पडदा 0.05 मिलिमीटर जाडीचा, उरलेले चार त्याच्या निम्मे. एका बाजूला 100 अंशांवर तापमान, दुसऱ्या बाजूला उणे 230 च्या खाली, आणि मध्ये एवढाच ऐवज.

ही द्रव्ये घडवण्यातली खरी अडचण येथे आहे. साखळी उष्णतेत टिकावी म्हणून तिच्यात बेंझिनसारखी ताठ वलये भरावी लागतात. पण ताठ साखळी वितळत नाही, विरघळत नाही, म्हणजे तिला आकारही देता येत नाही. यावरचा तोडगा असा: द्रव्य मऊ असतानाच आकार द्यायचा आणि काठिण्य मागाहून आणायचे. कॅप्टन करताना आधी पॉलिॲमिक आम्लाचे द्रावण पातळ पसरतात. ते तापवले की पाणी बाहेर पडते, वलये मिटतात आणि न विरघळणारी फिल्म उरते. अमेरिकेच्या नासाने 1970 च्या दशकात विकसित केलेल्या पीएमआर-15 या रेझिनातही, म्हणजे आधी पाघळून मग कडक होणाऱ्या व तंतू बांधून ठेवणाऱ्या बहुवारिकातही, तीच युक्ती आहे. त्याचे घटक द्रावणातून तंतूंवर चढवतात आणि साखळी तंतूंच्या कुशीतच तयार होते. हे रेझिन सुमारे 288 अंशांवर दीर्घकाळ काम देते. त्यातला एक घटक, मिथिलीनडायॲनिलीन, यकृताला घातक असल्याने पर्यायांचा शोध मात्र सुरू ठेवावा लागला.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत शेल कोअर, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राखणारा वाळूचा गाभा, मारणाऱ्या कामगाराला ही युक्ती रोजच्या सरावाची आहे. वाळूच्या कणांवर नोव्होलॅक जातीच्या फिनॉलिक रेझिनचा पातळ थर असतो, वजनाने साधारण 2 ते 4 टक्के. सुटी, वाहती वाळू सुमारे 250 अंशांवर तापलेल्या कोअरबॉक्समध्ये भरली की रेझिन आधी पाघळते, मग त्याच्या साखळ्या आडव्या जोडल्या जाऊन कोअर दगडासारखी होते. पुन्हा तापवली तरी ती मऊ पडत नाही.

आणि त्याच कोअरमध्ये दुसरे, जळण्याचे कामही दिसते. सुमारे 1,400 अंशांचे बीड तिच्याभोवती ओतले जाते. बीड गोठेपर्यंत तिने आकार धरायचा आणि मग रेझिन जळून वाळू मोकळी व्हायची. वातावरणात परतणाऱ्या यानाच्या कवचातले फिनॉलिक असेच स्वतःला खर्ची घालते. वरचा थर कोळसा होतो, आतल्या थरातून निघणारे वायू उष्णता घेऊन बाहेर पडतात आणि तापलेल्या हवेला पृष्ठभागापासून दूर ढकलतात, कोळसा लाल होऊन उष्णता परत फेकतो. या प्रक्रियेला अपक्षरण म्हणतात. फिनॉलिकचे मोल असे की जळल्यावर त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा धड कोळशाच्या रूपात मागे राहतो. चंद्रावरून सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेगाने परतणाऱ्या अपोलो यानांच्या कवचात ॲव्हकोट हे एपॉक्सी-नोव्होलॅक रेझिन होते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचे तीन लाखांहून अधिक कप्पे एकेक करून त्याने भरलेले होते. कोअरच्या वाळूतले नोव्होलॅक आणि हे रेझिन एकाच कुळातले.

वायू निघायला वाट नसेल तर काय होते, हे ओतकामात ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. कोअरला वेंट नीट नसला की रेझिनचा वायू बिडात घुसतो आणि जॉब भंगारात जातो. नासाच्या आर्टेमिस-1 मोहिमेतले ओरायन यान 11 डिसेंबर 2022 रोजी परतले तेव्हा त्याच्या ॲव्हकोट कवचाचे तुकडे शंभराहून अधिक जागी उडालेले आढळले. दोन वर्षांच्या तपासानंतर कारण सापडले ते वायूचेच. यान वातावरणात एकदा बुडी मारून वर आले आणि मग पुन्हा उतरले. मधल्या काळात बाहेरची उष्णता कमी झाली, आत मात्र रेझिन विघटित होत राहिले. ॲव्हकोट पुरेसे सच्छिद्र नसल्याने वायू कोंडला, दाब वाढला आणि कोळशाचा थर तडकला. सामर्थ्याइतकीच सच्छिद्रता मोलाची, हा धडा उष्णताकवच बनवणाऱ्यांना महागात मिळाला.

भारताच्या एसआरई-1 या कुपीने जानेवारी 2007 मध्ये कक्षेतून सुखरूप परतताना नाकाशी कार्बन-फिनॉलिक आणि अंगावर सिलिकाच्या फरशा वापरल्या होत्या. घन इंधनाच्या रॉकेटांच्या नॉझलला, म्हणजे तापलेले वायू बाहेर पडण्याच्या तोंडाला, आतून कार्बन-फिनॉलिकचेच अस्तर असते, आणि पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे इंधन धरणारे बाह्य आवरण केव्हलर या बळकट कृत्रिम तंतूंचे आहे.

उष्णतेखेरीज निर्वातही छळतो. द्रव्यात अडकलेले लहान रेणू निर्वातात बाहेर पडतात आणि भिंगावर किंवा सौरपट्टीवर जाऊन बसतात. म्हणून नमुना निर्वातात 125 अंशांवर 24 तास ठेवतात; वजनात 1 टक्क्याहून अधिक घट किंवा थंड पृष्ठभागावर 0.1 टक्क्याहून अधिक साका आढळला तर द्रव्य सहसा नाकारले जाते. एपॉक्सी हवेतली ओल शोषते आणि वर गेल्यावर ती सोडून आकसते. ज्या भागांची मापे हलता कामा नयेत तेथे सायनेट एस्टर घेतात ते त्यासाठी. पृथ्वीलगतच्या कक्षेत सुटा अणुरूप ऑक्सिजनही असतो. सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेगाने धावणारे यान त्यावर आदळते आणि उघडे पॉलिमर झिजत जाते. 1984 मध्ये कक्षेत सोडून 1990 मध्ये परत आणलेल्या एलडीईएफ या उपग्रहाच्या पुढच्या अंगावरच्या काही पातळ फिल्म पार नाहीशा झाल्या होत्या. तेव्हापासून अशा फिल्मवर सिलिकाचा थर चढवणे किंवा साखळीतच सिलिकॉन-ऑक्सिजनचे पिंजरे गुंफणे यावर भर आहे.

रेझिन कितीही चांगले असले तरी भार पेलतात ते तंतू. इचलकरंजीत सुती ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, मागावर चढण्याआधी खळ लावतात, त्या कामाला तेथे सायझिंग म्हणतात. कार्बन तंतूंनाही विणताना तुटू नयेत म्हणून पॉलिमरचा बारीक लेप देतात आणि त्याचेही नाव सायझिंगच. सुताची खळ विणल्यावर धुऊन टाकतात. कार्बनची तशीच राहून रेझिनशी सांधा जोडते. नेहमीचा एपॉक्सी लेप मात्र पॉलिइमाइड भाजण्याच्या 300 अंशांवरच्या तापमानात टिकत नाही, आणि तंतू व रेझिन यांच्यातला तो सांधाच मग दुबळा ठरतो. अतिवेगाने ग्रहांच्या वातावरणात शिरणाऱ्या यानांसाठी नासाने जाडीच्या दिशेनेही धागे गुंफलेले कापड विणले आहे. त्याचा बाहेरचा थर घट्ट कार्बनचा, आतला कार्बन आणि फिनॉलिकच्या मिश्र धाग्यांचा. दोन्ही थर एकाच मागावर एकत्र विणून नंतर त्यात फिनॉलिक रेझिन मुरवतात. असे कापड मागाच्या रुंदीपलीकडे जाऊ शकत नाही. मोठे कवच त्यामुळे तुकड्यांनी जोडावे लागते, आणि त्या तुकड्यांमधल्या फटी कशा भराव्यात हा या कवचाच्या विकासातला सर्वांत किचकट भाग ठरला.