आंबा घाटात दम सोडलेली गाडी

रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना साखरपा मागे पडलं, आंबा घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला, तरी पिकअप नाही. मागं एसटीचा हॉर्न. कडेला घेऊन बंद केली. दहा मिनिटांनी सुरू केली, तर काही झालंच नाही अशा थाटात घाट चढून गेली. त्याआधी महिनाभर सकाळची कुरकुर चालूच होती. तीन-चारदा सेल्फ मारायचा, मग थरथरत, मिसिंग करत सुरू व्हायची.

दोन दुखणी समजून औषधंही वेगवेगळी झाली. प्लग बदलले, बॅटरी नवी आली. स्कॅनरनं ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा कोड दाखवला, म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला. फरक काहीच नाही. तो सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. वाईट बातमी आणली म्हणून त्यालाच घालवला. ओळखीच्यांनी इथेनॉलला शिव्या घातल्या, तेही उसाच्या जिल्ह्यात राहून. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा फटका. त्यानं ॲव्हरेज उतरेल. पण गाडी दहा मिनिटं उभी केली म्हणून टाकीतलं इथेनॉल कुठं जातंय?

शेवटी उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री गाठले. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, “गार असताना तरास देती का गरम असताना? सपाटीला का चढाला?” मग म्हणाले, “उद्या सकाळी चावी नुसती ऑन करा, दोन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा. मग सेल्फ मारा.” तसं केलं. पहिल्याच सेल्फला सुरू!

चावी ऑन केली की टाकीतला विजेवरचा पंप दोनेक सेकंद चालतो आणि पाइपमध्ये दाब भरतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो तीन ते चार बार असतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. गाडी बंद केल्यावर पाइप रिकामा होऊ नये म्हणून पंपात एकेरी झडप असते. ती गळू लागली की पेट्रोल रात्रीतून टाकीत परत उतरतं. सकाळी इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडतो, पण दाबच नाही म्हटल्यावर बारीक फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतात. जळते ती पेट्रोलची वाफ, आणि गार इंजिनात जाड थेंबांची वाफ लवकर होत नाही. तीनदा चावी फिरवून आम्ही फक्त दाब भरला होता. दोष बॅटरीत किंवा प्लगमध्ये असता, तर या युक्तीचा काही उपयोग झाला नसता.

आता घाट. समजा माणसांसकट गाडी १२०० किलोची आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटर. सपाटीवर एवढ्याला तीनेक अश्वशक्ती पुरते. पंधरा मीटरला एक मीटर असा चढ आला की नुसतं वजन वर उचलायलाच आणखी बारा लागतात. एकूण गरज झाली पाचपट, आणि पेट्रोलची मागणीही त्या मानानं चढली. पंपाच्या तोंडाशी जाळी असते. ती गाळानं तुंबली असेल तर सपाटीपुरतं पेट्रोल मिळतं, घाटापुरतं मिळत नाही, आणि दाब कोसळतो.

दाब निम्मा झाला की इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल निम्मं होत नाही, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ते सुमारे ७० टक्क्यांवर येतं. गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो, पण ही भरपाई अनेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास थांबते. इथं तर ४० टक्क्यांहून जास्त हवी होती. एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हे गणित बिघडलं, कोड पडला, पिकअप गेला.

आणि दहा मिनिटांचा चमत्कार? पंप बंद झाला की ओढ थांबते, जाळीला चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो. पुन्हा ओढून घेईपर्यंत वाट मोकळी.

मिस्त्रींनी पाइपला दाब मोजायचा गेज जोडला. इंजिन बंद करताच काटा घसरू लागला. मग टाकीकडून येणारी नळी चिमटीत दाबली, तर काटा जागच्या जागी थांबला. म्हणजे गळती इंजेक्टरच्या बाजूला नव्हती, मागं पंपाकडं होती. मागची सीट उचलून पंप बाहेर काढला, तर जाळी चहाच्या जुन्या गाळणीसारखी काळीकुट्ट.

नवा पंप बसवताना त्यांनी सहज विचारलं, “लाल दिवा लागल्यावर किती दिवस फिरवताय?” विजेवरचा हा पंप गार राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळं, हे तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. “दोन-तीन दिवस,” मी म्हणालो. खरा आकडा आठवडा होता.