शिकागोतल्या तुमच्या जागेचा पहिला मालक कोण? जुने कागद काढायची प्रोसेस

शिकागोत घर घेतलं की क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशी, टायटल कंपनी (मालकीचे कागद तपासणारी कंपनी) कागदांचा गठ्ठा देते, पण सरकारने ती जमीन सगळ्यात आधी कोणाला विकली तो कागद त्यात बहुतेक नसतोच. तो काढता येतो, आणि इतिहासाची थोडीशी जरी आवड असेल तर नक्की काढा.

पात्रता म्हणाल तर काहीच नाही, हे पब्लिक रेकॉर्ड आहे. घराचे मालक असायला नको, मूळ मालकाशी नातं दाखवायला नको, सिटिझनशिपही नको.

लागतं काय तर लीगल डिस्क्रिप्शन, म्हणजे जागेचं कायदेशीर वर्णन. आपल्याकडे गट नंबरशिवाय सातबारा निघत नाही तसंच आहे हे. तुमच्या डीडवर (खरेदीखतावर) सेक्शन, टाउनशिप, रेंज म्हणजे सरकारी मोजणीतले चौकोन लिहिलेले असतात, नसेल तर टॅक्स बिलावरचा १४ आकडी पिन (जागेचा नंबर) घेऊन कुक काउंटी क्लर्कच्या रेकॉर्डमधून डीडची कॉपी काढा. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. नावावरून शोधत बसू नका, तेव्हाचे कारकून कानावर पडेल तसं स्पेलिंग लिहायचे.

आता खरा घोळ इथे होतो. पहिला विकणारा कोण होता ते आधी ठरवायला लागतं, कारण कागद त्याप्रमाणे वेगळ्या ठिकाणी आहेत. मॅडिसन स्ट्रीटच्या उत्तरेला नदीकाठचा जो मूळ गावठाणाचा भाग, सेक्शन ९, तो इलिनॉय-मिशिगन कालव्याचा खर्च काढायला केंद्राने राज्याला दिलेल्या जमिनीत होता. कालवा कमिशनरांनी जेम्स थॉम्पसनकडून ऑगस्ट १८३० मध्ये नकाशा काढून घेतला आणि सप्टेंबरात प्लॉटचा लिलाव केला. मॅडिसनच्या दक्षिणेचा सेक्शन १६ शाळांसाठी राखीव होता, तो ऑक्टोबर १८३३ मध्ये जवळजवळ सगळा विकून टाकला आणि सगळे मिळून सुमारे ३८ हजार डॉलर आले. आजच्या डाउनटाउनचा केवढा मोठा तुकडा आहे तो! माझ्या मते शाळांचं यात फार मोठं नुकसान झालं, थोडी वर्षं थांबले असते तरी कितीतरी जास्त पैसे आले असते.

या दोन्हीसाठी इलिनॉय स्टेट आर्काइव्हजचा पब्लिक डोमेन लँड सेल्स डेटाबेस बघा, ऑनलाइन आहे, फ्री आहे.

बाकीची बरीचशी जमीन केंद्राने लँड ऑफिसमधून विकली, शिकागोतलं ऑफिस १८३५ मध्ये सुरू झालं. १८२० पासून उधारी बंद होती, किमान भाव एकरी सव्वा डॉलर. रजिस्टर नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो ट्रॅक्ट बुकात (जमिनींच्या नोंदवहीत) जागा मोकळी आहे का बघणार, मग रिसीव्हरकडे पैसे भरून पावती घ्यायची, तिथून कागद वॉशिंग्टनला जायचे आणि बऱ्याच महिन्यांनी, कधी कधी वर्षांनी, पेटंट म्हणजे सरकारचं पहिलं मालकीपत्र यायचं. तोपर्यंत लोक जमीन पुढे विकूनही टाकायचे, त्यामुळे पेटंटवरची तारीख ही खरेदीची तारीख समजू नका. त्यावर अँड्र्यू जॅक्सनचं नाव दिसलं तरी लगेच खूश होऊ नका, मार्च १८३३ च्या कायद्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सेक्रेटरी सही करायचा.

ही पेटंट्स ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स साइटवर आहेत. राज्य, काउंटी, सेक्शन टाका, स्कॅन फुकट डाउनलोड होतो. अर्जामागची पूर्ण फाइल हवी असेल तर नॅशनल आर्काइव्हजकडे फी भरून मागवायची, पण रोख खरेदीच्या फायलीत पावतीपलीकडे फारसं काही निघत नाही.

मधल्या काळातले डीड मात्र अवघड आहेत. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत काउंटीची सगळी दस्तांची पुस्तकं जळाली. मालकीच्या नोंदींचे उतारे ठेवणाऱ्या खासगी ॲबस्ट्रॅक्ट कंपन्यांनी आपल्या वह्या वाचवल्या म्हणून शहरातली मालकी सिद्ध तरी करता आली, आणि १८७२ मध्ये त्यासाठी बर्न्ट रेकॉर्ड्स ॲक्ट करायला लागला. वॉशिंग्टनच्या कागदांना काहीच झालं नाही.

आणि पेटंटच्याही मागे जायचं असेल तर इथल्या मूळच्या पोटावाटोमी आदिवासी लोकांबरोबरचे तह वाचाच, विशेषतः १८३३ चा शिकागो तह. त्यानंतर त्या लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे जायला लावलं. "पहिला मालक" म्हणून जे नाव सापडेल ते फक्त सरकारी वहीतलं पहिलं, हे मला तरी सांगावंसं वाटतं.

हे कागद आजच्या मालकीचा पुरावा म्हणून बँकेत चालत नाहीत, त्यासाठी सध्याचं रेकॉर्डेड डीडच लागतं.