उत्पादन जीवनचक्रातील निर्णायक अवस्था

उत्पादन जीवनचक्र म्हणजे एखादी वस्तू पहिल्यांदा विक्रीला आल्यापासून बाजारातून कायमची जाईपर्यंतचा तिचा प्रवास. विपणनशास्त्रात या प्रवासाच्या चार अवस्था मानतात : परिचय, वाढ, परिपक्वता आणि ऱ्हास. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर विक्री मांडली, तर आधी रेंगाळणारी, मग झपाट्याने चढणारी, पुढे सपाट होणारी आणि शेवटी उतरणारी वक्ररेषा मिळते. नफ्याची रेषा मात्र वेगळ्या चालीने जाते. परिचयाच्या काळात ती शून्याच्या खाली असते, वाढीच्या उत्तरार्धात शिखराला पोहोचते आणि विक्री अजून चढत असतानाच उतरू लागते. चारांपैकी कोणती अवस्था सर्वांत महत्त्वाची, हा वाद या विसंगतीतूनच उभा राहतो. बहुतेक लेखनात हा मान परिचयाला किंवा वाढीला दिला जातो. तो परिपक्वतेला मिळायला हवा, अशी या नोंदीची भूमिका आहे.

ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याला आकाराला आली. जोएल डीन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९५० मध्ये नव्या वस्तूंच्या किमतींचा विचार करताना एक निरीक्षण मांडले : वस्तूचे वेगळेपण टिकाऊ नसते, प्रतिस्पर्धी येतात आणि किंमत ठरवण्याची विक्रेत्याची मोकळीक आटत जाते. १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचे विवेचन करताना ग्राहकांचे पाच गट पाडले. सर्वांत आधी धाडस करणारे २.५ टक्के, त्यांच्या मागोमाग येणारे १३.५ टक्के, मग ३४-३४ टक्क्यांचे दोन मोठे गट आणि अखेरीस १६ टक्के. थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ मध्ये या सगळ्याला व्यवहाराचे वळण दिले. जीवनचक्र घडून गेल्यावर कागदावर काढण्यापेक्षा वस्तू बाजारात आणण्याआधीच पुढच्या अवस्थांची आखणी करावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी रेमंड व्हर्नन यांनी वस्तू जुनी होत जाते तसे तिचे उत्पादन एका देशातून दुसऱ्या देशात कसे सरकते, हे दाखवले. १९६९ मध्ये फ्रँक बास यांनी स्वतःहून खरेदी करणारे आणि इतरांचे पाहून खरेदी करणारे असे दोन प्रभाव धरून पहिल्या खरेदीचे गणिती प्रारूप तयार केले.

परिचयाच्या अवस्थेला महत्त्व देण्यामागे उघड कारण आहे : बऱ्याच वस्तू याच टप्प्यावर संपतात. २००१ मध्ये मोठा गाजावाजा होऊन आलेली सेगवे ही दुचाकी स्वयंसंतुलित गाडी हे ठळक उदाहरण. तिचे तंत्र चोख होते आणि कुतूहलही भरपूर होते; पण पदपथ आणि रस्ता यांपैकी तिची जागा कुठली हेच ठरले नाही. पर्यटन आणि गस्त यांसारख्या मोजक्या वापरांपलीकडे ती गेली नाही आणि २०२० मध्ये मूळ गाडीचे उत्पादन थांबले. किमतीचा पहिला मोठा निर्णयही इथेच घ्यावा लागतो. सुरुवातीला चढी किंमत ठेवून उत्सुक ग्राहकांकडून गुंतवणूक लवकर वसूल करायची, की कमी किमतीत शिरकाव करून बाजार व्यापायचा, हे दोन पर्याय डीन यांनीच मांडले होते. एकदा धरलेली वाट बदलणे दोन्ही बाबतींत सारखे सोपे नसते. चढ्या किमतीने सुरुवात केली तर खाली येता येते, स्वस्ताईने सुरुवात केली तर वर जाणे अवघड.

वाढीच्या अवस्थेचा प्रश्न निराळा असतो. वस्तू चालणार हे कळलेले असते, कोणाची चालणार हे ठरायचे असते. सोनीने बीटामॅक्स ही घरगुती व्हिडिओ कॅसेटची पद्धत १९७५ मध्ये आणली, जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ मध्ये. एका वर्षाची आघाडी आणि चित्राची चांगली गुणवत्ता हाती असूनही सोनी मागे पडली. व्हीएचएसची कॅसेट सुरुवातीलाच दोन तास ध्वनिचित्रमुद्रण करत होती, बीटामॅक्सची एक तास. शिवाय जेव्हीसीने आपले तंत्र अनेक उत्पादकांना खुले करून दिले. यंत्रे वाढली तशा भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटी वाढल्या आणि त्या वाढल्या म्हणून यंत्रे आणखी खपली. जिथे मानक ठरायचे असते तिथे वाढीची अवस्था निर्णायक असते, हे मान्य करावे लागते.

औषधांच्या बाबतीत सारे गणित कालमर्यादेभोवती फिरते. पेटंटची मुदत साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षे असते आणि त्यातली बरीच वर्षे चाचण्या आणि परवानग्यांत जातात. फायझरचे लिपिटॉर हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीला आले आणि जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांत गणले गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथली त्याची मक्तेदारी संपली. पुढच्या वर्षी त्याची जागतिक विक्री निम्म्याहून खाली आली. इथे ऱ्हासाची तारीख आधीपासून ठाऊक असते. परवानगी जितकी लवकर मिळेल तितका काळ भर कमाईच्या दिवसांत जमा होतो, म्हणून या उद्योगात बाजारात येण्यापूर्वीची वर्षेच सर्वांत मोलाची ठरतात.

परिपक्वता ही बहुधा सर्वांत लांबलेली अवस्था असते आणि दुकानात दिसणाऱ्या बहुतेक वस्तू तिच्यातच असतात. खप स्थिर झालेला असतो, ओळखीचे ग्राहक असतात, कारखान्याची गुंतवणूक वसूल झालेली असते आणि पैसा येत राहतो. नव्या वस्तूंवरचा खर्चही याच पैशातून भागतो. व्यवस्थापनाचे लक्ष मात्र इथे सर्वांत कमी असते, कारण काही बिघडल्याचे दिसत नाही. वस्तूचे पुढचे आयुष्य ठरवण्याची ताकद हातात असते ती याच काळात, आणि ती वापरली जात नाही.

हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टीचा शेवट असाच झाला. १९०८ मध्ये ८५० डॉलरला आलेली ही मोटार उत्पादनाच्या सुधारलेल्या पद्धतीमुळे १९२० च्या दशकात ३०० डॉलरच्याही खाली आली आणि दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. किंमत उतरवणे हे वाढीच्या अवस्थेतले अचूक पाऊल होते. पण बाजार भरल्यावरही फोर्ड तेच करत राहिले. लोकांकडे आता पहिली मोटार होती, दुसरी घेताना त्यांना रंग, आराम आणि नवे रूप हवे होते; जनरल मोटर्सने ते दिले. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली तेव्हा नव्या गाडीसाठी यंत्रसामग्री बदलण्यात फोर्डचे कारखाने कित्येक महिने थांबले. पुढच्या गाडीची तयारी मागची भरात असताना झाली नव्हती, त्याची ही किंमत होती.

नायलॉनचे उदाहरण याच्या उलट आहे आणि ते लेव्हिट यांनीही घेतले होते. ड्यूपॉंटने १९३८ मध्ये हा धागा जाहीर केला. सुरुवातीला तो दात घासण्याच्या ब्रशांत आला, मे १९४० पासून अमेरिकेत सर्वत्र स्त्रियांच्या पायमोज्यांत. महायुद्धात हवाई छत्र्या, दोर आणि टायर यांसाठी त्याचा वापर झाला. युद्धानंतर पायमोज्यांची मागणी पुन्हा वाढली आणि काही वर्षांनी थबकली. इथे कंपनीने नेमके काय केले हे पाहण्यासारखे आहे. ज्या स्त्रिया मोजे वापरत होत्या त्यांनी ते अधिक वेळा वापरावेत म्हणून प्रयत्न झाले; एकाच रंगाऐवजी अनेक रंग आणि पोत आणून त्यांच्याकडे जास्त जोड्या असाव्यात अशी सोय केली गेली; आणि धागा टायर, गालिचे अशा वेगळ्याच कामांत नेला गेला. सपाट होऊ घातलेली रेषा दर वेळी वर उचलली गेली. धाग्याचे रसायन तेच होते, फक्त त्याचे काम बदलत होते.

परिपक्वतेतल्या निर्णयांचा परिणाम कोडॅक आणि फूजीफिल्म यांच्या तुलनेत सर्वांत स्पष्ट दिसतो. कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेऱ्याचे पहिले प्रात्यक्षिक यंत्र बनवले होते. त्यातून निघणारे कृष्णधवल चित्र सुमारे १०,००० बिंदूंचे असे आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. म्हणजे कंपनीला पुढचे तंत्र माहीत नव्हते, असे नाही. अडचण अशी होती की फिल्म, रसायने आणि छपाईचा कागद यांतून मिळणारा नफा इतका भरघोस होता की त्याच्यापुढे दुसरा कोणताही धंदा किरकोळ वाटत असे. फिल्मची जागतिक मागणी २००० च्या सुमारास शिखरावर होती, नंतर ती वेगाने कोसळली आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले.

फूजीफिल्मचा मुख्य धंदाही तोच होता आणि घसरणीचा फटकाही तसाच बसला. पण फिल्मची चलती असतानाच, १९८३ मध्ये, तिने डिजिटल क्ष-किरण प्रतिमांची प्रणाली बाजारात आणली होती. पुढे शिगेताका कोमोरी यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने फिल्मच्या कारखान्यांना कात्री लावली, नोकरकपातीसारखे कठोर निर्णय घेतले आणि हाती असलेले ज्ञान आणखी कुठे चालेल याचा शोध घेतला. फिल्मचा पारदर्शक पाया ज्या सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटचा असतो, तेच द्रवस्फटिक (एलसीडी) पडद्यांच्या ध्रुवकांवर, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या पातळ पटलांवर, संरक्षक थर म्हणून लागते. फिल्मच्या लेपात जिलेटिन असते, म्हणजे मूळचे कोलॅजन हे त्वचेतलेच प्रथिन. आणि छायाचित्र फिकट होऊ नये म्हणून वापरायचे ऑक्सिडीकरणरोधक कंपनीच्या चांगल्या परिचयाचे होते. या दोहोंच्या अभ्यासातून २००७ मध्ये त्वचेसाठीची प्रसाधने आली. हे बदल घसरण लागल्यावर सुचले असते, तर त्यांना लागणारा पैसा आणि वेळ दोन्ही मिळाले नसते.

या संकल्पनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप नरीमन ढाल्ला आणि सोनिया युस्पे यांनी १९७६ मध्ये घेतला. विक्री थोडी मंदावली की वस्तू म्हातारी झाली असे समजून कंपन्या जाहिरात आणि सुधारणा थांबवतात. मग वस्तू खरोखरच मरते आणि सिद्धांत खरा ठरल्यासारखा वाटतो. हा आक्षेप रास्त आहे. त्यात भर म्हणजे आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे त्या वेळी कळणे कठीण असते, आणि कशाचे जीवनचक्र मोजायचे हेही ठरलेले नसते. दूरध्वनी ही गरज कायम राहते, तारेचा दूरध्वनी हा तिचा एक प्रकार ओसरतो, आणि त्यातला एखादा ब्रँड त्याही आधी नाहीसा होतो. तिघांच्या रेषा तीन तऱ्हेच्या असतात. ध्वनिमुद्रिकांची रेषा तर पाठ्यपुस्तकाला जुमानतच नाही : सीडी १९८२ मध्ये आल्यावर मोडीत निघालेल्या विनाइल तबकड्या २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा जास्त संख्येने विकल्या गेल्या.

पर्यावरणशास्त्रात जीवनचक्राचा अर्थ वेगळा आहे. तिथे कच्चा माल, निर्मिती, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट अशा अवस्था धरून प्रत्येकीचा भार मोजतात. आयएसओ १४०४० ही मानके त्यासाठी आहेत. तिथले उत्तर वस्तूगणिक बदलते. इंधनावर चालणाऱ्या मोटारीचा बहुतांश कार्बनभार वापरताना पडतो, स्मार्टफोनचा तो तयार होतानाच पडलेला असतो. म्हणून जुनी मोटार किती काळ चालवावी यावर वाद होऊ शकतो, पण फोन शक्य तितका जास्त वापरणेच हिताचे ठरते.

ऱ्हासाची अवस्था विक्रेत्याच्या दृष्टीने गौण असली, तरी ग्राहकाच्या दृष्टीने ती बाकीच्या तिन्हींइतकीच खरी असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी ही २००१ ची प्रणाली एप्रिल २०१४ मध्ये आधाराबाहेर काढली, म्हणजे तिला नेहमीच्या दुरुस्त्या पुरवणे थांबवले, मात्र असंख्य संगणकांवर ती चालूच राहिली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा कंपनीला तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या प्रणालीसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. बोइंग ७४७ चे पहिले उड्डाण १९६९ मध्ये झाले आणि १,५७४ वे, शेवटचे विमान जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द झाले. ते मालवाहू आहे. सुटे भाग, देखभाल आणि सुरक्षेच्या सूचना यांची जबाबदारी उत्पादन थांबल्यानंतरही निर्मात्याकडेच राहते.