मशीनला टेकवलेलं कार्ड नेमकं काय सांगतं?

माझी आई दुकानात कार्ड काढायला अजून कचरते. मशीनला कार्ड लावलं की दुकानदाराला आपल्या खात्यातली शिल्लक कळते, असं तिला वाटतं. तसं होत नाही. शिल्लक कार्डात नसतेच, ती बँकेच्या संगणकात असते. घरचा पत्ता, मोबाइल नंबर, आधार यांतलंही काही चिपमध्ये नसतं.

चिप हा एक चिमुकला संगणक आहे. कार्डाला बॅटरी नाही. टॅप करताना त्याला लागणारी वीज मशीनच्या चुंबकीय क्षेत्रातूनच मिळते, म्हणून कार्ड अगदी जवळ, चारेक सेंटिमीटरवर न्यावं लागतं. लोक त्याला ‘वायफायचं कार्ड’ म्हणतात, पण वायफायशी त्याचा काही संबंध नाही. चिप जागी झाली की मशीन एकेक गोष्ट विचारत जातं: रुपे, व्हिसा की मास्टरकार्ड? कार्डाचा नंबर? मुदत कधीपर्यंत? बँक कोणत्या देशातली? पिन घ्यायचा की सही चालेल? ही उत्तरं उघडी असतात. एनएफसी (अगदी जवळून बिनतारी माहिती वाचण्याची सोय) असलेला फोनसुद्धा कार्डाला टेकवून नंबर आणि मुदत वाचू शकतो. नाव मात्र टॅप करताना बरीच कार्डं देत नाहीत. आणि कार्डावर छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही चिपमध्येही नसतो, जुन्या काळ्या पट्टीतही नसतो.

नंबर असा उघडा असूनही चिप सुरक्षित का, हा या तंत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग. मशीन चिपला रक्कम, तारीख आणि त्या क्षणी ठरवलेला एक यादृच्छिक आकडा देतं. चिप त्यात स्वतःचा व्यवहार-क्रमांक मिसळते आणि आतल्या गुप्त किल्लीने ८ बाइटचा एक संकेत तयार करते. किल्ली चिपबाहेर कधीच येत नाही, बाहेर येतो तो फक्त संकेत. तो बँक पडताळते. पुढच्या व्यवहाराला क्रमांक बदललेला असतो, त्यामुळे कालचा संकेत कोणी टिपून ठेवला तरी त्याला आज किंमत नाही. काळ्या पट्टीचं दुखणं नेमकं इथे होतं. ती दरवेळी तीच माहिती द्यायची, म्हणून तिची हुबेहूब नक्कल करता यायची. रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ अखेरपर्यंत बदलायला लावली ती यासाठीच.

पिनही मशीन कार्डातून वाचत नाही. तो आपण दाबतो, मशीन तो लगेच कूटबद्ध करतं आणि बँक तपासते. काही देशांत चिप स्वतःच तपासते, पण तीही फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगते. भारतात ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. कार्ड हरवलं तर मात्र हीच सोय सापडणाऱ्याच्याही हाती जाते. म्हणून आईच्या कार्डावरचं टॅप आणि परदेशी व्यवहार मी बँकेच्या ॲपमधून बंद करून ठेवले आहेत. लागेल तेव्हा चालू करता येतात.

आईची शंका खरी ठरते ती एकाच ठिकाणी. पुणे-मुंबईच्या मेट्रोत चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात प्रवासासाठी भरलेले पैसे चिपमध्येच नोंदलेले असतात. रांग खोळंबलेली असताना गेटला बँकेला विचारत बसायला वेळ नसतो. तिथलं मशीन ती शिल्लक खरोखरच वाचतं, भाडं वजा करतं आणि नवा आकडा चिपमध्ये लिहून ठेवतं.